‘जळली की नवी बसवा, तेच स्वस्त’: डीपीचा हा हिशोब चुकतो कुठे

गेले काही महिने शेतकऱ्यांच्या आणि वायरमन मंडळींच्या ग्रुपवर डीपीबद्दल, म्हणजे शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल, एक मेसेज फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. ‘डीपी जळतात त्या आकडेवाल्यांमुळे, दुसरं काही कारण नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये हलणारा पार्टच नाही, मग त्याची देखभाल कसली? आठ-दहा वर्षं चालला की पैसे वसूल. जळला की नवा बसवायचा, तेच स्वस्त, आणि खर्च कंपनीचा, आपल्या खिशातून काही जात नाही. खरा उपाय एकच, शंभरच्या जागी दोनशेची डीपी मागा.’ खाली जोडलेले हात आणि जास्तीत जास्त शेअर करण्याची विनंती.

मी २२ वर्षं जळालेल्या डीपी उघडतोय. दुरुस्तीच्या कारखान्यात माझं काम म्हणजे झाकणाचे बोल्ट काढायचे, चेनपुलीने कोर-कॉइल, म्हणजे लोखंडी गाभा आणि त्यावरची तारेची वेटोळी, वर घ्यायची आणि ती कशाने गेली ते बघायचं. मेसेज पाठवणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, काही तर भावकीतलेच. त्यांच्यावर माझा राग नाही. पण हा हिशोब खरा धरून आपण दर हंगामाला पीक घालवतोय, हे मला बघवत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

‘डीपी जळतात त्या आकडेवाल्यांमुळे.’

आकड्याने, म्हणजे लाइनवर चोरून टाकलेल्या तारेने, भार वाढतो, तारा एकमेकींना घासतात, शॉर्ट होतो. यात खोटं काही नाही. आकडा टाकणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसंही मरतात. पण भार वाढला की डीपी जळायच्या आधी काहीतरी दुसरं जळायला हवं, आणि ते म्हणजे फ्यूज. तो त्याच्यासाठीच बसवलेला असतो. मग फ्यूज शाबूत आणि डीपी जळाली, असं होतंच कसं?

कुठल्याही शिवारातल्या डीपीची पेटी लांबूनच बघा. बऱ्याचदा पेटीला दारच नसतं. आत किटकॅट, म्हणजे फ्यूज बसवायचं चिनी मातीचं खोकं, फुटलेलं असतं आणि त्याच्या जागी लाइनच्याच ॲल्युमिनियम तारेचे दोन-तीन पीळ पिळून थेट जोडलेले असतात. शंभर केव्हीएच्या (केव्हीए हे डीपीच्या क्षमतेचं माप) डीपीचा पूर्ण भार म्हणजे एका फेजला साधारण १३३ अँपिअर. तिथे बसवलेली ही तार त्याच्या कितीतरी पट करंट गेला तरी वितळत नाही. वरच्या बाजूला, अकरा हजारच्या लाइनवर, तोच पूर्ण भार जेमतेम सव्वापाच अँपिअर असतो. तिथल्या डीओमध्येही, म्हणजे वरच्या फ्यूजच्या दांडीतही, बारीक फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली मी बघितली आहे. दोन्ही दारांचे पहारेकरी काढून टाकले आणि घर लुटलं गेलं, तर दोष एकट्या चोराचा धरून कसं चालेल?

ही तार कुणी घातली? कधी रात्री अकराला फॉल्टवर आलेल्या वायरमनने, कारण त्याच्याकडे फ्यूज तारेचं बंडलच नव्हतं आणि त्याच्या वाट्याला चार गावं होती. कधी शेतकऱ्याने स्वतः, जिवावर उदार होऊन. ते पेटीत हात घालणं थांबवा, हे मी हात जोडून सांगतो. त्यात गेलेली दोन पोरं माझ्या ओळखीची होती.

टाकीच्या आत काय होतं तेही सांगतो. डीपीच्या अगदी तोंडाशी शॉर्ट झाला तर शंभरच्या डीपीतून नेहमीच्या सुमारे २२ पट करंट वाहतो. कॉइलवर येणारा जोर करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ ५०० पट. चांगली डीपी हा दणका एक-दोन सेकंद सोसेल अशीच बांधलेली असते, पण तेवढ्यात फ्यूज उडाला पाहिजे. आणि शॉर्ट दूर, लाइनच्या शेपटाला झाला तर तारेच्या लांबीमुळे करंट तेवढा चढत नाही. जाड तार तो मुकाट्याने वाहू देते आणि डीपी तासन् तास भाजत राहते. मी कोर-कॉइल वर घेतो तेव्हा दोन फेजच्या कॉइल तांबूस, तेलाने चकाकणाऱ्या असतात आणि तिसरी कोळसा झालेली असते. बोट लावलं की कागदाची राख होते. जळक्या तेलाचा तो वास कपड्यांतून दोन धुण्यांनी जात नाही. अशी एक फेज काळी झालेली डीपी दिसली की मी आधी विचारतो, पेटीत काय होतं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, ‘डायरेक्ट होतं.’

आणि भार फक्त आकड्यांचा नसतो. मंजुरी तीन अश्वशक्तीची आणि विहिरीत मोटर पाचची, हे आपल्या घराघरांत आहे. माझ्या वडिलांच्या विहिरीवरही तेच होतं आणि ते नियमाने बिल भरणारे होते. दोनच फेज आल्या की कंडेन्सर लावून मोटर चालवायची, म्हणजे भार एकाच बाजूला. स्टार्टरला ऑटो स्विच, म्हणजे वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठणार. पाच अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे ७ अँपिअर घेते, उठताना पाच-सहापट. अशा १८ मोटरी एकदम उठल्या तर मागणी १३३ च्या डीपीकडे साडेसातशेच्या घरात जाते. मग व्होल्टेज पडतं, त्यामुळे मोटर वेग घ्यायला वेळ लावते आणि तेवढा वेळ डीपीला ओढत राहते. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय. ते कागदी आवाहन समजून आपण सोडून देतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला येणारा वाटा, ०.७ वरून ०.९ वर आला तर तेवढ्याच पाण्यासाठी करंट २२ टक्क्यांनी कमी होतो. कॅपॅसिटरचा खर्च मोटरच्या एका रिवाइंडिंगहून कमीच असतो.

‘हलणारा पार्टच नाही, देखभाल कसली?’

हलणारा भाग नाही, पण झिजणारा आहे, आणि तो म्हणजे कागद. कॉइलच्या प्रत्येक वेढ्याला गुंडाळलेला कागद हेच डीपीचं आयुष्य. तेल बदलता येतं, गाळता येतं. कागद एकदा ठिसूळ झाला की परत मऊ होत नाही. साध्या कागदासाठी नियम असा, की कॉइलच्या सगळ्यात गरम जागी ९८ अंश तापमान असेल तर आयुष्य ठरल्याप्रमाणे जातं. तिथून वर दर ६ अंशाला झीज दुप्पट होते. सतत १२ अंश जास्त तापत राहिली तर २५ वर्षांचं आयुष्य सव्वासहा वर्षांवर येतं. बारा अंश म्हणजे काही फार नाही. तेलाची पातळी खाली गेली, एका फेजवर भार चढला, रेडिएटरच्या नळ्यांवर वेल चढला, की झालं.

दुसरा शत्रू पाणी. ज्या डीपीला श्वासनलिका असते, म्हणजे ब्रीदर, तिच्या काचेत निळे सिलिका जेलचे खडे असतात. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आकसतं आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ओलावा हे खडे शोषतात. ओलावा भरला की निळे खडे गुलाबी होतात. ते तव्यावर भाजले तरी परत निळे होतात. इतकी साधी गोष्ट. पण मी काढलेल्या कितीतरी ब्रीदरमध्ये खडे पांढरट गुलाबी झालेले असतात, काही रिकामेच, एकात तर गांधीलमाशीचं घर होतं. त्या डीपीच्या टाकीच्या तळाला मी वाटी घातली तेव्हा तेलाखाली स्वच्छ पाणी निघालं. तार टाकीत शिरते तिथल्या चिनी मातीच्या बुशिंगचं गॅस्केट आक्रसलं की पावसाचं पाणी थेट आत जातं, ते वेगळंच.

मग लायटनिंग अरेस्टर, म्हणजे पडलेल्या विजेचा दणका जमिनीत सोडणारं उपकरण. एप्रिल-मेच्या वळवात मराठवाड्यात, सोलापूर भागात वीज पडून डीपी गेली की लोक म्हणतात, निसर्गापुढे काय करणार. खांबावर बघा, तीनपैकी एक-दोन अरेस्टर फुटल्यावर त्यांचे जंपर, म्हणजे जोडतारा, काढून ठेवलेले असतात आणि नवे कधी लागतच नाहीत. अर्थिंगची पट्टी चोरीला गेलेली किंवा गंजून तुटलेली, खड्ड्यात ओल नाही. वीज पडली हे खरं, पण तिला जमिनीत जायला वाटच ठेवली नव्हती.

‘आठ-दहा वर्षं चालला की वसूल.’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. नव्या डीपीची किंमत १०० धरू. ती २५ वर्षं चालायला हवी, हिशोबातही तेच आयुष्य धरतात. म्हणजे वर्षाला ४. आठव्या वर्षी गेली तर वर्षाला साडेबारा. तिपटीहून जास्त. २५ वर्षांत एकाऐवजी तीन डीपी घ्याव्या लागल्या, तीनदा उतरवल्या, तीनदा चढवल्या. पहिल्या डीपीची १७ वर्षं भंगारात गेली ती कुठेच परत मिळत नाहीत.

बरं, जळाली की दरवेळी नवीच येते असंही नाही. बहुतेकदा दुरुस्त केलेली येते. दुरुस्तीत जळालेल्या फेजची कॉइल नवी घालतात. उरलेल्या दोन फेजचा कागद तितकाच जुना, तोच दणका सोसलेला. जानेवारीत आमच्या कारखान्याच्या अंगणात डीपींची रांग लागते, पाय ठेवायला जागा नसते. कॉइल नवी भरल्यावर ओव्हनमध्ये पुरेशी वाळवायला हवी, तेल तापवून गाळायला हवं, मग अडीच मिलिमीटर अंतराच्या इलेक्ट्रोडमध्ये त्याची व्होल्टेज चाचणी घ्यायची. रांग आणि फोन दोन्ही चालू असले की सगळ्यात आधी वेळ कापला जातो तो ओव्हनमधला. मी हे होताना बघितलंय, त्यावर भांडलोय, आणि काही वेळा गप्पही बसलोय, त्याचं मला आजही वाईट वाटतं. अर्धवट वाळलेली कॉइल ओलावा पोटात घेऊनच शिवारात जाते. तीच डीपी, तोच नंबर, पुढच्या हंगामाच्या आत परत अंगणात येते.

‘खर्च कंपनीचा, आपल्या खिशातून काही जात नाही.’

वीज कंपनीचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. त्या दरांत दुरुस्ती आणि देखभालीचा खर्च असतो, नव्या उपकरणांवरची गुंतवणूक, तिचं व्याज आणि परतावाही असतो. सगळं शेवटी ग्राहकाच्या बिलात येतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने २०२४ पासून मोफत वीज दिली आहे, म्हणून आपल्याला वाटतं की आपला संबंध संपला. ते पैसे सरकारी तिजोरीतून जातात, आणि घरगुती मीटरचं बिल तर आपणच भरतो. कारखान्यांना लावलेला जास्तीचा दरही फिरून मालाच्या किमतीत येतो.

पण हा झाला कागदावरचा खर्च. मला जो दिसतो तो दुसराच आहे.

एका जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला ट्रॉलीत डीपी घालून चौघं जण कारखान्याच्या फाटकाशी आले. ट्रॅक्टरचं डिझेल वर्गणीचं. त्यातले एक आजोबा भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, ‘बाळा, आज होईल का रे? गव्हाला एकवीस दिवस झालेत.’ गहू करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं की फुटवे कमी येतात आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते भरून निघत नाही. त्यांची डीपी त्या रात्री झाली नाही. चौथ्या दिवशी झाली. त्या चार दिवसांचा हिशोब कुठल्या कंपनीच्या वहीत लिहिला जातो? डीपीच्या किमतीशेजारी कुणी त्या वीस एकर गव्हाचा आकडा मांडतं का?

आणखी एक गोष्ट त्या चार दिवसांत झाली. खोळंबा नको म्हणून त्यांच्यातल्या काही मोटरी शेजारच्या डीपीवर जोडल्या. ती आधीच भरलेली. व्होल्टेज तीनशे-सव्वातीनशेवर आलं. त्या शिवारातल्या तीन मोटरी जळाल्या, प्रत्येकाचं रिवाइंडिंग ज्याचं त्याने केलं, आणि सातव्या दिवशी ती दुसरी डीपीही आमच्या अंगणात आली. एका फ्यूजच्या तारेपासून सुरू झालेला हा खर्च मोजायला बसलो तर त्यात डीपीची किंमत हा एक हिस्सा राहतो, सगळ्यात मोठा तर नाहीच.

इथे एक कामाची गोष्ट. आयोगाच्या कृती मानकांप्रमाणे, म्हणजे सेवेच्या ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे, ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र (डीपी) ४८ तासांत बदलून द्यायचं असतं. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये मानकं न पाळल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी तक्रार लेखी दिलेली बरी, तारीख-वेळेसकट, आणि तिची पोच घ्यावी. शाखा कार्यालयात तोंडी सांगून आलो, याला पुरावा नसतो. आणि डीपी आणण्या-नेण्याची वर्गणी काढण्याआधी निदान एकदा लेखी विचारा, की हे काम कोणाचं.

‘शंभरच्या जागी दोनशे मागा.’

काही ठिकाणी खरंच वाढीव डीपी हवी असते. भार मोजून ती मिळालीच पाहिजे. पण न मोजता दोनशे बसवली तर काय होतं? लाइनची तार तीच राहते, शेपटाच्या मोटरला व्होल्टेज तेवढंच कमी. पेटीतला डायरेक्ट जोड तसाच. शॉर्ट झाला तर डीपीच्या तोंडाशी करंट आता दुप्पट, आणि जुन्या तारांना, जुन्या पेटीला तो सोसायचा आहे. शिवाय मोठ्या डीपीचा रिकामा तोटा, म्हणजे भार नसतानाही ती खाते ती वीज, हाही मोठा, मोटरी बंद असल्या तरी लाइनला वीज आहे तोवर तो चालूच.

याच्या उलट वाटेने जाणारा उपाय आपल्या राज्यात झालेला आहे. महावितरणने २०१८ च्या सुमाराला शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली, तिच्यात अकरा हजारची लाइन शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटं रोहित्र द्यायचं. लघुदाबाची तार इतकी आखूड की आकडा टाकायला जागाच नाही. आणि डीपी आपली आहे हे माणसाला ठाऊक असतं, म्हणून तो तिच्याकडे बघतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत त्या छोट्या डीपी कमी असतात, एवढं मी माझ्या अंगणापुरतं सांगू शकतो.

आमच्याच गावठाणात गेल्या उन्हाळ्यात दोनशेच्या डीपीसाठी अर्ज गेला होता. शंभरची डीपी दोन वर्षांत दोनदा जळाली होती, ग्रामसभेत ठरावही झाला. मी वायरमनदादांना म्हटलं, संध्याकाळी सात वाजता एकदा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमटा धरून करंट मोजायचं यंत्र, लावू. त्यांनी लावला. पहिल्या फेजला १६८, दुसऱ्याला ७४, तिसऱ्याला ५९. बेरीज ३०१, आणि डीपी तिन्ही फेज मिळून ४०० ची. एकूण भार पाऊणच होता, पण एक फेज सव्वापट भरलेली. कुठली काळी होत होती हे मला दोन्ही वेळा उघडताना दिसलंच होतं. रीतसर लाइन बंद घेऊन त्यांनी वरच्या आळीची आणि शाळेमागची घरं दुसऱ्या दोन फेजवर घेतली. अर्ध्या दिवसाचं काम, काही कनेक्टर आणि योग्य मापाची फ्यूज तार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मोजलं तर १०६, १०१, ९४. टाकीला हात लांब धरूनही आदल्या आठवड्यात जी धग लागायची ती लागत नव्हती. दोनशेच्या डीपीचा अर्ज सरपंचबाईंनी त्याच आठवड्यात मागे घेतला.